चार बोटांची फट

निफाडचा आकडा पेपरात येतो, आमचा येत नाही.
सिन्नर फाट्याच्या ह्या गल्लीत थंडी मोजायची
ती खोबरेलाच्या बाटलीवर.
उलटी केली, काडीने खरवडलं, तरी तेल हलेना
म्हणजे आज बाळनाथभाऊंकडे घमेलं न्यायचं.

बाळनाथ शिरसाठ, इस्त्रीवाले.
दोन पितळी इस्त्र्या, एक जुनाट खोकला
आणि टपरीच्या पत्र्यावर खडूने लिहिलेली उधारी,
जी दर पावसाळ्यात आपोआप फिटते.

रात्री नऊला ते इस्त्र्या रिकाम्या करतात.
निखारे फुकट.
आधी म्हाताऱ्यांना, मग तान्ह्यांना,
उरले तर भांडखोरांना.
सईदाभाभी तसराळं आणतात, लहानू गँगमन तेलाचा डबा.
प्रेसमधून रिटायर झालेले अहिरराव काका,
उभा जन्म कोऱ्या नोटांच्या थप्प्या मोजलेले,
फुटकी कढई घेऊन रांगेत:
"दोनच द्या. मोठे बघून."

त्या रात्री मी तीन नेले, राखेत पुरून.
दार लावलं. खिडकीच्या फटीत जुना गाऊन कोंबला.
पोरगं गोधडीतून पाय बाहेर काढून झोपलं,
मार्गशीर्ष लागल्यापासून पहिल्यांदा.

दीडला दार वाजलं. काठीने.
"कोण मेलं?" मी आतून.
"अजून कुणी नाही. खिडकी उघड."

दारात भाऊ. दोन कानटोप्या, एकावर एक,
अंगात कुणाचा तरी इस्त्रीला आलेला कोट.
"झोप येईना.
माझा थोरला असाच निजला होता,
शेगडी आत, दार बंद.
सकाळी गालांवर लाली.
आम्हाला वाटलं, काय छान झोप लागलीय."
एवढं बोलून पुढच्या दाराकडे गेले.
वीस वर्षांची ओळख,
त्यांना भाऊ होता हे मला तेव्हा कळलं.

दार, शिवी, खिडकी.
दार, शिवी, खिडकी.
शेवटच्या खोलीत सुरगाण्याकडचे गावित,
बांधकामावरचे, येऊन पंधरा दिवस झालेले.
तिथे दार. आणि मग काहीच नाही.

लहानूने पहार आणली, रुळांवरची.
कडी एका झटक्यात निघाली, चौकटीसकट.
जयवंताबाईला आम्ही दोघींनी ओढलं,
ती ओकत होती, ओकत होती म्हणजे होती.
नवरा भिंत धरून उभा, पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसा.
काकांनी एकशे आठला फोन लावला,
पत्ता दोनदा चुकीचा सांगितला, तिसऱ्यांदा रडत.
पोरगी रडेना.
सईदाभाभीने तिला शालीत घेऊन उघड्यावर धरलं,
तळपाय चोळले, नावं ठेवली, लाडाची आणि शिव्यांची.
नाशिकरोडकडून मालगाडी आली,
डबे संपता संपेनात,
शेवटचा डबा गेला
आणि मग रडली.

भाऊ तेव्हा कुठे खाली बसले.
घमेलं कुणीतरी रस्त्यात उपडं केलं होतं.
दहिवरात निखारे चरचरत होते,
आणि भाऊ त्यांच्याकडे असे बघत होते
की शेवटी मी त्यांच्यावर बादली ओतली.

तीन दिवस टपरी बंद.
चौथ्या दिवशी जयवंताबाईच गेली, डबा घेऊन.
काय बोलली माहीत नाही. नऊला इस्त्र्या रिकाम्या झाल्या.

आता निखारे देताना भाऊ चार बोटं दाखवतात.
आपण चार बोटं दाखवायची, मगच मिळतात.
एवढी खिडकी उघडी.

फटीतून थंडी येते, येणारच.
काकांचं घोरणं येतं,
जयवंताबाईची कोकणा बोलीतली अंगाई,
आणि भाऊंचा खोकला.

मला दीडला जाग येते, आपोआप.
पडल्या पडल्या कान देते.
खोकला ऐकू आला की कूस बदलते.
नाही आला,
तर अंधारात चपला शोधते.